परमुलखातील घर आणि त्यावरील हक्क

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून ओतूर मागे टाकतो आणि आळेफाट्याच्या दिशेने नगरकडे जाऊ लागतो, तेव्हा वाटेत पिंपरी पेंढार हे गाव लागते. जुन्नर तालुक्यातील या गावचा शेतकरी स्थावराच्या व्यवहारात किती सावध असतो, हे ज्यांनी त्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर कागद चाळताना पाहिले आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. अर्ध्या एकराचा तुकडा घ्यावयाचा असला तरी तो प्रथम सातबाऱ्याचा उतारा काढतो, मागचे फेरफार पाहतो, सोसायटीचा अथवा बँकेचा बोजा इतर हक्कांच्या रकान्यात शिल्लक आहे किंवा कसे याची खातरजमा करतो. विकणाऱ्याच्या बहिणींची नावे वारसनोंदीत लागली आहेत की त्यांनी हक्कसोड करून दिली आहे, हे विचारतो. विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी, बांधावरून जाणारी वहिवाटीची वाट आणि चतुःसीमेवरील शेजाऱ्यांचा स्वभाव यांचाही अदमास घेतो, आणि मगच खरेदीखतावर सही करतो. परंतु त्याच घरातील मुलगा न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ घर घेत असल्याचे फोनवरून कळवतो, तेव्हा हाच चौकस गृहस्थ किंमत किती आणि खोल्या किती, एवढे दोनच प्रश्न विचारून थांबतो. उरलेले प्रश्न परक्या मुलखात कोणाला आणि कोणत्या भाषेत विचारावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते प्रश्न हाच या प्रकरणाचा विषय आहे.

गावठाणातील घराचे खरेदीखत झाले, की मालकी, त्या घरात राहण्याचा अधिकार, त्याचा आपल्या मर्जीप्रमाणे वापर आणि आपल्या पश्चात ते मुलाबाळांना मिळण्याची शाश्वती, या चारही गोष्टी त्या एका दस्तऐवजाबरोबर आपल्या पदरात पडल्या, असे आपण धरून चालतो. आणि स्वतःच्या गावात ते बहुतांशी खरेही असते. परदेशात मात्र हे चार अधिकार चार निराळ्या कायद्यांच्या ताब्यात असतात आणि त्यांतील एक मिळाला म्हणून दुसरा मिळतोच असे नाही. बहुतेक मनस्तापाचे मूळ माझ्या मते या एकाच गैरसमजात आहे.

परमुलखातून येऊन स्थायिक होणे ही गोष्ट जुन्नरच्या परिसराला नवी नाही. नाणेघाटातून चढून येणारा सातवाहनकालीन व्यापार या नगरापाशी विसावत असे, आणि नगराभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतील शिलालेखांत इरिल, चिट आणि चंद अशा यवनांची दाने नोंदलेली आहेत. कोणी पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. आडुथुम नावाच्या शक उपासकाच्या लेखात तर वडालिका येथील वीस निवर्तने जमिनीचा उल्लेख आहे. ही माणसे दूरदेशीची होती, परंतु त्यांची नावे, त्यांचा वंश आणि त्यांचे दान ही सर्व येथल्या लिपीत आणि येथल्या प्राकृत बोलीत दगडावर कोरली गेली. परक्या भूमीशी संबंध जोडावयाचा तर तो तेथल्या लेखात, तेथल्या रीतीने नोंदला गेला पाहिजे, हे तत्त्व दोन हजार वर्षांपूर्वी जितके खरे होते तितकेच ते आजही आहे.

बाहेर पैसा पाठविण्याचा मार्ग आपल्याकडे फार काळ बंदच होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली सामान्य भारतीयाने येथून रक्कम पाठवून परदेशात घर घेणे जवळजवळ अशक्य होते. १९९९ चा नवा कायदा जून २००० पासून अमलात आला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी व्यक्तीला वर्षाकाठी पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. ही मर्यादा पुढे वाढत गेली, परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरू लागताच ती एकदम पंचाहत्तर हजारांवर आणण्यात आली आणि या रकमेतून परदेशी स्थावर घेण्यासच मनाई झाली. पुढल्या वर्षी ती मनाई उठली आणि २०१५ पासून ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीस प्रत्येक आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर अशी आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षभरात दहा लाख रुपयांपलीकडे जी रक्कम अशा खरेदीसाठी पाठवाल, तिच्यावर बँक वीस टक्के कर आगाऊ कापून घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, परंतु तोवर पैसा अडकून पडतो. ही सवलत सरकारच्या मर्जीने आकुंचन पावू शकते, हे २०१३ साली दिसून आलेच आहे. म्हणून ज्याने परदेशात चार वर्षांच्या हप्त्यांनी घर घेण्याचा करार केला, त्याने दुसऱ्या वर्षी हा मार्ग अरुंद झाला तर आपण काय करणार, याचा विचार सही करण्यापूर्वीच केला पाहिजे.

आता एका घराची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण परदेशातील घर खरेदी करणारा त्या प्रसंगी कोणी नोकरदार किंवा व्यापारी नव्हता, खुद्द महाराष्ट्र शासन होते.

लंडनच्या उत्तर भागात कॅम्डेन नावाच्या नगरविभागात किंग हेन्रीज रोड हा रस्ता आहे. त्या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१–२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाड्याने राहत होते. १९१६ मध्ये ते प्रथम लंडनला गेले, परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढल्याच वर्षी त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. नंतर सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापकीच्या वेतनातून वाचविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज, यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच काळातला. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळाले नव्हते, आणि ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला होता, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले होते. आपल्याच देशात ज्याला निवारा नाकारला गेला, त्याला परक्या देशात भाड्याचे का होईना, घर मिळाले. त्या घराचे मोल यावरून समजून घ्यावे.

हे घर विक्रीस निघाल्याचे कळताच इंग्लंडमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी त्याकडे लक्ष वेधले, महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन खरेदी केले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मालकी निर्विवाद होती, पैसा चुकता झाला होता, कब्जा मिळाला होता. बाबासाहेबांची छायाचित्रे, ग्रंथ आणि त्यांच्या वास्तव्याची खूण जपणाऱ्या खोल्या पाहावयास लोक येऊ लागले. परंतु दप्तरी ते घर राहते घर म्हणून नोंदलेले होते, आणि इंग्लंडात राहत्या घराचे वस्तुसंग्रहालय करावयाचे तर स्थानिक नियोजन खात्याची परवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज २०१८ मध्ये गेला आणि कॅम्डेनच्या नगरपरिषदेने तो नामंजूर केला. घरांची टंचाई असलेल्या त्या भागातील एक राहती वास्तू अशा रीतीने कमी होणे तिला मान्य नव्हते. शिवाय काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली होती.

शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये रीतसर जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील व साक्षीदार उभे राहिले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी, या घराशी निगडित असलेल्या पुरुषाचे ऐतिहासिक महत्त्व राहत्या जागेच्या हानीपेक्षा अधिक आहे असे ठरवून, परवानगी दिली. खरेदीपासून या निकालापर्यंत सुमारे साडेचार वर्षे गेली. ज्या खरेदीदाराच्या पाठीशी एका राज्याची तिजोरी आणि निष्णात कायदेपंडित होते, त्यालाही मालकी मिळाल्यानंतर वापराच्या हक्कासाठी इतके झगडावे लागले. आपल्या शेतात गोडाऊन किंवा हॉटेल बांधण्यासाठी ज्यांनी बिनशेती परवानगीचे हेलपाटे घातले आहेत, त्यांना हा प्रकार समजावयास अवघड जाऊ नये. फरक इतकाच, की तेथे राहत्या घराच्या आतील वापर बदलण्यासही हीच शिस्त लागू होते आणि शेजाऱ्याच्या हरकतीला तेथे पुरेसे वजन असते. घर घेऊन त्यात शिकवणी काढू, खानावळ चालवू किंवा दिवसांच्या भाड्याने प्रवासी ठेवू, असा बेत असेल तर तो बेत करारापूर्वीच वकिलापुढे मांडावा.

लंडनमध्येच याच्या एकशे दहा वर्षे आधी दुसरे एक घर हिंदी विद्यार्थ्यांसाठी घेतले गेले होते. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथील वास्तू विकत घेऊन १ जुलै १९०५ रोजी इंडिया हाउस सुरू केले, कारण हिंदी विद्यार्थ्यांना तेथील घरमालकिणी सहसा खोली देत नसत. १९०६ मध्ये सावरकर तेथे राहावयास आले. जुन्नरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातले पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढचे सेनापती बापट, हेही त्या घराच्या वर्तुळात होते. १९०९ मध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याचा त्या वर्तुळातील एका तरुणाने वध केला, आणि त्यानंतर ते घर बंद पडले. मालकीचा कागद शाबूत असला, तरी राज्यकर्त्यांची वक्रदृष्टी झाल्यावर परक्या देशातील घर किती दिवस चालते, याचा तो दाखला आहे.

मालकीचा कागद म्हणजे नेमके काय, हेही देशोदेशी निराळे असते. आपला सातबारा हा मुळात महसुलाचा दस्तऐवज आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, परंतु ती खरी असल्याची हमी सरकार देत नाही. इंग्लंडात व वेल्समध्ये स्थिती याच्या उलट आहे. तेथील जमीन नोंदणी कचेरीच्या पुस्तकात एकदा नाव चढले की ते नाव हीच मालकी असते आणि त्या नोंदीतील चुकीने कोणाचे नुकसान झाले, तर राज्य भरपाई देते. मालमत्तेचे वर्णन, मालकाचे नाव आणि तिच्यावरील बोजा असे त्या उताऱ्याचे तीन भाग असतात, म्हणजे ज्याला सातबारा वाचता येतो त्याला तो उतारा समजून घेणे मुळीच कठीण नाही, आणि अल्प शुल्क भरून कोणालाही तो मिळतो. अमेरिकेत मात्र जिल्हा कचेरी दस्तऐवज नोंदवून ठेवते, हमी देत नाही. म्हणून तेथे मालकीच्या दोषाविरुद्ध विमा उतरविण्याची प्रथा पडली, आणि कर्ज देणारी बँक त्या विम्याशिवाय पैसे सोडत नाही. मुलाने विम्याचा हा खर्च कळविला तर तो अनाठायी समजू नये.

इंग्लंडातील आणखी एक बाब आपल्याकडील माणसाला हमखास चकविते. तेथील बहुतेक सदनिका कायम मालकीच्या नसून दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर विकल्या जातात. पट्टा नव्याण्णव वर्षांचा, सव्वाशे वर्षांचा किंवा नऊशे नव्याण्णव वर्षांचाही असतो, आणि खाली असलेली जमीन भलत्याच कोणाच्या मालकीची असते. पट्ट्याची शिल्लक मुदत ऐंशी वर्षांच्या खाली गेली, की ती वाढवून घेण्याचा खर्च एकदम चढतो आणि बँकाही हात आखडता घेतात. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली सदनिका पुष्कळदा अशीच निघते. तिची किंमत ऐकण्याआधी मुदतीची किती वर्षे शिल्लक आहेत हे विचारावे, आणि देखभालीचा वार्षिक आकार कोण ठरवितो तेही विचारावे. तसेच, तेथे विक्रेत्याने तोंडाने होकार दिला किंवा पत्र दिले तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तो बांधलेला नसतो. जुन्नरच्या बाजारात दिलेल्या शब्दाला जी किंमत आहे, ती त्या व्यवहारात धरून चालू नये.

राहण्याच्या अधिकाराविषयी थोडक्यात एवढेच, की घर घेतल्याने सहसा व्हिसा मिळत नाही. अमेरिका आणि ब्रिटन हे देश असा लाभ देतच नाहीत. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीवर मिळणारा निवास परवाना बंद केला आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये तोच मार्ग धरला. दुबईत वीस लाख दिरहमांच्या स्थावरावर दीर्घ मुदतीचा परवाना मिळतो, परंतु तो नागरिकत्व नव्हे. उलट परदेशीयांनी घरे घेऊच नयेत, अशा दिशेने काही देश निघाले आहेत. न्यूझीलंडने २०१८ मध्ये, कॅनडाने जानेवारी २०२३ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जुन्या घरांपुरती एप्रिल २०२५ पासून बंदी घातली. सिंगापूर बहुतेक परदेशी खरेदीदारांकडून एप्रिल २०२३ पासून साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क घेते. या निर्बंधांवर रागावण्याचे आपल्याला कारण नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या आपल्याच देशबांधवाला १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुलाला पिंपरी पेंढारात घर घेता आले तरी शेत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत मात्र त्याच्याकडे वारशाने येऊ शकते, आणि विकावयाचे झाल्यास ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावे लागते. जमीन ही जेथे राहणाऱ्यांची अखेरची ठेव असते, तेथे तिच्याभोवती कुंपण असावे हे मला न्याय्य वाटते.

ज्यासाठी हे प्रकरण लिहावयास घेतले, तो मुद्दा शेवटी येतो. प्रेमापोटी आणि कृतज्ञतेपोटी मुलगा परदेशातील घरावर आईवडिलांचे नाव लावतो, आणि घरात आनंद होतो. परंतु वडील येथले निवासी, त्यांचे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमुक्त. त्यांनी जन्मात कधी आयकराचे विवरणपत्र भरलेले नाही. ज्या दिवशी परदेशातील स्थावरावर त्यांचे नाव लागते, त्या दिवसापासून उत्पन्न कितीही कमी असले तरी दरवर्षी विवरणपत्र भरणे आणि त्यातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते घर दाखविणे त्यांना बंधनकारक होते. ते न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. या कायद्याचा रोख खरे पाहता बड्या करबुडव्यांवर आहे, परंतु त्याच्या शब्दांत कांदा पिकविणारा बापही सापडतो. मुलाने परदेशात असताना स्वतःच्या कमाईने घेतलेले घर त्याच्याच नावावर राहिले तर तो भारतात कायमचा परतल्यावरही ते ठेवू शकतो, आणि त्याच्याकडून ते वारशाने येथील निवासी आईवडिलांकडे आले, तरी चलनविषयक कायद्याची आडकाठी येत नाही. तेव्हा नाव लावण्याचा आग्रह धरण्यासारखे काही नाही.

वारशाच्या बाबतीतही हेच खरे आहे. भारतात मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा कर १९८५ मध्ये रद्द झाला, म्हणून आपल्या मनात तो विषयच येत नाही. अमेरिकेत मात्र तेथे न राहणाऱ्या परदेशी मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या अमेरिकेतील मालमत्तेतून केवळ साठ हजार डॉलर वगळले जातात आणि उरलेल्या मूल्यावर चढत्या दराने चाळीस टक्क्यांपर्यंत कर बसतो. ब्रिटनमध्ये सव्वातीन लाख पौंडांपलीकडील मूल्यावर सर्वसाधारणपणे चाळीस टक्के कर आहे, मग मालक कोठेही राहत असो. न्यू जर्सीच्या घरात वडिलांचा अर्धा हिस्सा नोंदला गेला आणि ते पिंपरी पेंढारात वारले, तर त्या अर्ध्या हिश्श्यावर हा बोजा पडतो.

म्हणून ज्यांची मुले परदेशात घर घेत आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की नावाची नोंद होण्यापूर्वी येथील एक आणि तेथील एक अशा दोन जाणकारांचा सल्ला घ्यावा. मुलाला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेथील घरासाठी स्वतंत्र मृत्युपत्र करावयास सांगावे, आणि येथील जमिनीसाठी स्वतःचे मृत्युपत्र आपण वेळेवर करून ठेवावे. दोन्ही कागदांत एक दुसऱ्याला रद्द करीत नाही, असा स्पष्ट उल्लेख असावा. परदेशातून येणारे मुखत्यारपत्र तेथील वकिलातीत साक्षांकित करून किंवा त्या देशाच्या अधिकृत अपोस्टिल मोहरेसह मागवावे आणि येथे ते मुदतीत मुद्रांकित करून घ्यावे. त्यावाचून दुय्यम निबंधक ते स्वीकारणार नाही.